बार्शी लाइटच्या वाटेनं

शुक्रवार, मिरज

मिरजेत आता आमचं कोणी उरलेलं नाही. स्टेशनसमोरच्या लॉजवर खोली घेतली, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, ज्या गावात पहाटे उठून नळावर नंबर लावला, तिथं आता आधार कार्ड दाखवून झोपायचं." त्याचा मुलगा बरोबर होता. त्या कॉलेजकुमाराला आमच्या आठवणींत फारसा रस नव्हता, पण रेल्वेत होता. तेवढ्यावर तो आला.

बेत साधा होता. अण्णा मिरजेला पोस्टात कारकून होते आणि आईचं माहेर बार्शी. परीक्षा संपली की मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो, ती वाट पुन्हा एकदा करायची आणि या वेळी पुढं लातूरही गाठायचं. तेव्हा या वाटेवर अडीच फुटी रुळांची गाडी होती. वेळापत्रकात नॅरोगेज, मोठ्यांच्या तोंडी 'बार्शी लाइट', आमच्या घरात 'बारकी गाडी'. मिरज ते लातूर सगळी मिळून ३२५ किलोमीटर. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तुकड्यातुकड्यानं ती रुंद झाली आणि बारकी गाडी गेली.

सत्तरच्या दशकात मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरची मोठी गाडी, लोंढ्याकडं जाणारी मधली, आणि आमची बारकी. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाही, म्हणून हमाल दिवसभर एका वाघिणीतली पोती दुसऱ्या वाघिणीत टाकत असायचे. गूळ, मिरची, ज्वारी, सगळ्याचा वास एकत्र. आम्हां पोरांना त्यात काही गैर वाटायचं नाही. बारक्या गाडीचे दोन्ही रूळ एका ढांगेत ओलांडता येतात का, एवढीच आमची पैज.

संध्याकाळी सतारमेकर गल्लीत चक्कर मारली. छताला टांगलेले वाळके भोपळे अजून तसेच आहेत. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे मात्र मिरजेचे नव्हेत, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. एकदा गाडीत समोरच्या बाकाखाली भलामोठा भोपळा घेऊन बसलेला माणूस मला आठवतो. पंढरपूरपासून मिरजेपर्यंत त्यानं कुणाला त्याला पाय लावू दिला नाही.

रात्री पुण्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "त्या गाडीचं कौतुक तुम्हाला. मला विचारा."

शनिवार, मिरज ते पंढरपूर

सकाळची गाडी वेळेवर सुटली, हाच पहिला धक्का. वर विजेच्या तारा, खाली रुंद रूळ, डब्यात पंखे चालू. आरग, बेळंकी, सलगरे ही स्टेशनं मी बोटांवर मोजायचे, ती नावं वाचेपर्यंत मागं पडली. भाचा मोबाइलवर वेग बघत होता आणि मधूनमधून आकडा ओरडून सांगत होता. आमच्या गाडीचा आकडा कुणी सांगितला असता, तर अण्णांनी गाडीऐवजी सायकल काढली असती.

आदल्या रात्री घरात जे चालायचं, त्याला प्रवासाची तयारी म्हणणं कमीच. अण्णा होल्डॉलचे पट्टे आवळायचे. पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव घातलेलं होतं, ते पुसट झालं का हे दर वर्षी तपासलं जायचं. आई रात्री उशिरापर्यंत दशम्या करायची, कारण पाण्यात भिजवलेली पोळी उन्हाळ्यात टिकत नाही, दुधातली दशमी टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदे, गूळ. आणि फिरकीचा तांब्या. पितळेचा, झाकणाला आटे असलेला. तो कुणी सांभाळायचा यावरून भावाची आणि माझी मारामारी व्हायची. स्टेशनात गाडी लागली की अण्णा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. तो रुमाल उचलून दुसरा कुणी बसला, असं मी कधी पाहिलं नाही.

खिडकीतून डोकं बाहेर काढायचं नाही, हा नियम. काढायचंच, हा आमचा. मग कोळशाची कणी डोळ्यात जायची, आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारून डोळ्याला लावायची आणि दुसऱ्या हातानं पाठीत धपाटा घालायची. बार्शीत उतरेपर्यंत सदऱ्याची कॉलर काळी.

या गाडीबद्दल एक गोष्ट प्रत्येक जण सांगतो की, चालत्या गाडीतून उतरून, शेतात जाऊन, परत पळत येऊन चढता यायचं. भावानं तीच भाच्याला सांगितली. मी एवढंच म्हणाले, की आपण तसं एकदाही केलेलं नाही, आई करू देती तर ना! चढावर गाडी धापा टाकायची हे खरं. वळणावर आपलंच इंजिन आपल्या खिडकीतून पूर्ण दिसायचं, हेही खरं. बाकीचं ज्याचं त्यानं ठरवावं.

कवठे महांकाळ येईपर्यंत बाहेरचा रंग बदलला होता. माझ्या आठवणीत हा मुलूख भाजक्या विटेच्या रंगाचा आहे, खडकाळ आणि बाभळीचा. आता द्राक्षांचे मांडव, बेदाण्याची शेड. म्हैसाळच्या उपसा योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून इथपर्यंत आणलं आहे. पुढं सांगोल्याला डाळिंबाच्या बागा. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे इथूनच सुटली, थेट पश्चिम बंगालातल्या शालीमारला. ज्या स्टेशनात आम्ही दशमीचा घास हातात धरून बसलेलो असायचो, तिथून फळं बंगालला जातात, हे मला सांगूनही पटलं नसतं.

कारण सांगोल्याजवळचा एक थांबा मी विसरू शकत नाही. तो १९७३ चा उन्हाळा. दुष्काळाला सगळे बहात्तरचा म्हणतात, पण त्याची खरी होरपळ पुढच्या मे महिन्यात होती. तेव्हा राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच पुढं १९७७ साली आला. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की रुळांना समांतर रस्त्याच्या कडेला लांबच लांब बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. मी हात हलवला. गाडीतून हात हलवला की शेतातली माणसं उलटून हात हलवतात, हा तोपर्यंतचा अनुभव. इथं कुणीच हलवला नाही.

पुढं क्रॉसिंगला गाडी थांबली. दोन-चार बायका घागरी घेऊन इंजिनाकडं पळाल्या. ड्रायव्हर इंजिनातलं गरम पाणी सोडत होता, त्याच्याखाली घागरी लावत होत्या. एक जण पोराला कडेवर घेऊन आमच्या खिडकीखाली आली. ती काही मागत नव्हती, नुसती तांब्याकडं बघत होती. आईनं फिरकी उघडली आणि तांब्या तिच्या भांड्यात रिता केला. सगळा. भावानं पंढरपूरपर्यंत पाणी पाणी करून डबा डोक्यावर घेतला. आई त्याला रागावली नाही आणि काही बोललीही नाही.

त्या वर्षी घरातली ज्वारीही अमेरिकेतून आलेली लाल मिलो होती. तिची भाकरी थापताना फाटायची. शाळेत सुकडी मिळायची, ती मात्र आम्हाला आवडायची. गोड होती. हे आईसमोर म्हटलं, तर ती अजून गप्प होते.

भाऊ तेव्हा चार वर्षांचा. त्याला रडणं आठवत नाही, बाई आठवत नाही. भाच्यानं मोबाइल खाली ठेवून विचारलं, "आत्या, मग स्टेशनात पाणी नव्हतं?" होतं. इंजिनासाठी टाकी होती. इंजिनाला पाणी लागतंच, नाहीतर गाडी चालणार कशी!

पंढरपूरला दुपारी उतरलो, जेवून झोपलो. संध्याकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात गेलो. तिथल्या पाण्याबद्दल न लिहिलेलं बरं.

रविवार, पंढरपूर ते बार्शी

पदस्पर्शाची रांग फार लांब होती, मुखदर्शन घेतलं. आजी नामदेव पायरीपाशी वाकायची आणि पुढं जायची नाही. म्हणायची, माझं इथंच पोचतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच गावात उपोषण केलं आणि त्यानंतर देवळाचं दार सगळ्यांना उघडलं. आजोबा ही गोष्ट फार अभिमानानं सांगायचे. आजी ऐकायची आणि परत म्हणायची, मग इतकी वर्षं तो आत काय करत होता?

चुरमुरे, बत्तासे, बुक्का घेतला आणि कुर्डूवाडीची गाडी पकडली. या तुकड्यावर आषाढी-कार्तिकीला बारक्या गाडीच्या टपावर माणसं असायची, मालाच्या वाघिणीतही. आम्ही वारीत कधी गेलो नाही, पण एकदा उशिरा निघालो आणि ज्येष्ठाच्या शेवटी त्या गर्दीत सापडलो. डब्यात टाळ, मृदंग, गाठोडी आणि तुळशीवृंदावनं. मला कुणीतरी उचलून वरच्या फळीवर ठेवलं. तिथून पंढरपूरला उतरेपर्यंत मी अख्खा हरिपाठ ऐकला.

कुर्डूवाडी हे या सगळ्या गोष्टीचं मूळ. मुंबई-मद्रासची मोठी लाइन एकोणिसाव्या शतकात इथून गेली आणि बार्शीसारखी कापसाची, धान्याची बाजारपेठ बाजूला पडली. माल बैलगाडीनं इथवर आणावा लागे. जुन्या नकाशांत या स्टेशनाचं नावच बार्शी रोड. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी गाडीचा हिशेब मांडला. रूळ हलके, म्हणून खर्च कमी. पण प्रत्येक आसावर पाच टनांपर्यंत वजन असं नीट वाटून द्यायचं, की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जाईल. १८९७ साली कुर्डूवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती कंपनीकडून घेतली. हा कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायची हवाई छत्री तयार करण्याच्या मागं लागला, हे भाच्यानं आम्हाला सांगितलं. इतकी हळू गाडी बांधल्यावर माणसाला उडी मारावीशी वाटणारच, असं भाऊ म्हणाला.

कुर्डूवाडीला उतरून आम्ही मोठ्या गाडीच्या फलाटावर जायचो, नुसते बघायला. मद्रास मेल धडधडत निघून जायची आणि आमची बारकी गाडी बाजूला शांतपणे वाफ सोडत उभी. मला त्या मेलचा हेवा वाटायचा. आज वाटत नाही, पण तेव्हा वाटायचा हे लिहून ठेवायला हवं, कारण हल्ली भाऊ असं बोलतो, की जणू आम्हाला बारकी गाडीच हवी होती. आम्हाला मेल हवी होती. मिळत नव्हती, एवढंच.

बार्शी अर्ध्या-पाऊण तासात आली.

सोमवार, बार्शी

आजोळचा वाडा विकला त्याला बरीच वर्षं झाली. खाली मोबाइलचं दुकान आहे, वर क्लास. मालकानं आत जाऊ दिलं, पण आत जाण्यासारखं काही नव्हतं. मागच्या बाजूचा आड बुजवून त्यावर फरशी टाकली आहे. मी त्या फरशीवर उभी राहून त्याला सांगितलं, इथं आड होता. तो म्हणाला, "हो का?" आणि गिऱ्हाइकाकडं वळला. त्याचं काय चुकलं?

वाडा माळवदाचा होता. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर माती-चुन्याचं सपाट छत. बाहेर आग ओकणारं ऊन असलं, तरी माजघरात गार. भिंतीतच बळद, धान्य साठवायचं. तळातून धान्य काढायला एक भोक होतं, त्याला चिंध्यांचा बोळा. आम्ही तो बोळा काढून ज्वारीची धार बघत बसायचो आणि मार खायचो. रात्री सगळी पोरं माळवदावर झोपायला. आधी संध्याकाळी पाणी शिंपडायचं, मग वाफ निघून गेली की अंथरुणं. मामा आकाशातली नक्षत्रं दाखवायचा. त्याला तीनच येत होती, तो रोज तीच दाखवायचा.

सकाळ गिरणीच्या भोंग्यानं व्हायची. बार्शीत कापडाच्या गिरण्या होत्या आणि गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला शेजारचे काका सायकलवर टांग टाकायचे. आजोबा भगवंताच्या देवळातून परत येत. घरात एकच रेडिओ, त्यावर क्रोशाचं झाकण, आणि त्याचं लायसन दर वर्षी पोस्टात पैसे भरून नवं करायचं. पोस्टातला जावई असल्यामुळं आजोबा या बाबतीत फार काटेकोर. बातम्या लागल्या की कुणी बोलायचं नाही. बातम्यांनंतरची गाणी मात्र आजोबा उठून गेल्यावर.

दुपारी माळवदावर कुरडया, पापड, शेवया. बायका घालणार, आम्ही कावळे राखणार. राखणदारीची मजुरी म्हणजे गव्हाच्या चिकाची वाटी, वर साखर. गोट्या, सागरगोटे, लगोरी, आणि तासाच्या भाड्यानं आणलेली सायकल. ती एकच, पोरं सात. अर्धा तास भांडणात जायचा, उरलेल्या अर्ध्यात प्रत्येकाला एक फेरी. दांडीखालून पाय घालून कात्रीत चालवायला मी तिथंच शिकले. अजून गुडघ्यावर खूण आहे.

एवढं सगळं मी संध्याकाळी आईला फोनवर सांगत होते. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "आणि पाणी?" आडाला मे महिन्यात पाणी तळाला जायचं. पोहरा खाली खडकावर आपटला की ठण् आवाज यायचा. त्या आवाजावर पहाटे तिची आणि मामीची ऊठ व्हायची, कारण रात्रभरात झरलेलं पाणी पहिल्यांदा जो ओढेल त्याचं. सोळा-सतरा माणसांचा स्वयंपाक, त्यात पोरांच्या आंघोळी. माहेरी गेलं की आराम असतो, हे तिनं फक्त कथांत वाचलं होतं. "तुम्ही झोपलेले असायचा वरती," ती म्हणाली. "नक्षत्रं बघून दमलेले."

मी हे भावाला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण गव्हाचा चीक चांगला असायचा." त्याला मी काही बोलले नाही. असायचाच.

दुपारी मामेभावाच्या शेतावर हुरडा. जानेवारीचे दिवस, ज्वारी अगदी दुधाळ. शेणीच्या आरात कणसं भाजून तळहातावर चोळायची, वर लसणीची चटणी आणि शेंगदाणे. आम्ही लहानपणी हे कधी खाल्लंच नाही, कारण यायचो मे महिन्यात. भाच्याला वाटत होतं, हीसुद्धा आमची आठवण. त्याला सांगितलं, नाही रे, हे आम्हालाही नवीन.

मंगळवार, लातूर

येडशीच्या पुढं जुनी वाट आणि नवी वाट वेगळ्या होतात. बारक्या गाडीला धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, बाजूलाच राहायचं. जिल्ह्याच्या गावाला स्टेशन नाही, ही तिथली जुनी तक्रार. रुंदीकरणात मार्ग वळवला आणि गाव रुळावर आलं. मग ढोकी, मुरूड, हरंगूळ. मी इकडं पहिल्यांदाच येत होते. आमचं जग बार्शीला संपायचं. आजोबांच्या बोलण्यात लातूर म्हणजे 'मोगलाई'. बार्शी मुंबई इलाख्यात, लातूर निजामाकडं. तिकडं हाली रुपया, इकडं कलदार, आणि दोन्हींच्या मधून आमची गाडी. १९४८ नंतर ती हद्द गेली, पण आजोबांच्या बोलण्यातून काही गेली नाही.

लातूर स्टेशनात उतरलो. भाच्याला यायचं होतं ते इथं, कारण २०१६ ची पाण्याची गाडी त्याला तोंडपाठ आहे. त्या वर्षी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. ११ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी निघाली, दहा टँकर वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इथं पोचली. वाघिणी राजस्थानात कोट्याला आतून धुऊन, वाफवून आल्या होत्या. मिरजेची जुनी हैदरखान विहीरही त्या कामाला जुंपली होती. पुढं पन्नास वाघिणींची गाडी आली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. रूळ अडीच फुटीच राहिले असते, तर हे जमलं नसतं. कुर्डूवाडीच्या मोठ्या लाइनवरून इथवर पाणी पोत्यांसारखं हमालांच्या पाठीवर थोडंच उतरवता येतं! बारकी गाडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण हा हिशेब मला पुसता येत नाही.

गंजगोलाईत फिरलो. गोल इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ, चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते आणि प्रत्येकावर वेगळा बाजार. भावानं तिथं चपला घेतल्या, मी मसाला. परत स्टेशनाकडं येताना चहाला थांबलो. चहावाल्यानं विचारलं, कुठले तुम्ही? भाऊ सवयीनं म्हणाला, मिरजेचे.

"मिरजेचे?" त्यानं किटली खाली ठेवली. "तुमचं पाणी प्यालोय आम्ही. त्या उन्हाळ्यात."

"मग चहाचे पैसे कशाला घेताय?" भाऊ म्हणाला.

"पाणी तुमचं होतं, साहेब," तो म्हणाला. "दूध लातूरचं आहे. तीस रुपये."

भाच्यानं फोन काढून दिले.